संसार भागिले दोन

'विशेष' या शब्दाचा अर्थ मी 'विशेष' असा घेतला, ही या सगळ्या प्रकरणातली माझी पहिली चूक, असं आमच्या इमारतीत आजही मानतात. मला ते मान्य नाही. बायकोच्या बदलीचा अर्ज भरण्यासाठी मी तिच्या खात्याच्या संकेतस्थळावर नाव नोंदवायला बसलो, तेव्हा तिथे स्वच्छ लिहिलं होतं की पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा हवा आणि त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक विशेष चिन्ह हवं. आता ॲट दि रेट हे चिन्ह आमच्या इस्त्रीवाल्याच्या पाटीवरसुद्धा आहे. त्याला विशेष म्हणायचं? टक्क्याचं चिन्ह तर सेलच्या दिवसांत रस्त्यावर पायाखाली येतं. खात्याने विशेष मागितलं होतं, आणि खात्याने एखादी गोष्ट मागितली की ती बिनचूक द्यायची, हे माझं सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं धोरण आहे.

म्हणून मी भागाकाराचं चिन्ह निवडलं. मधे आडवी रेघ, वर एक टिंब, खाली एक टिंब. शाळा सुटल्यापासून ते कुणी वापरलेलं मी पाहिलं नव्हतं. पासवर्ड तयार केला तो असा: इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं घेऊन, 'संसार', त्यापुढे भागाकाराचं चिन्ह, त्यापुढे दोनचा आकडा. मोजून आठ. संसार भागिले दोन, कारण वस्तुस्थिती तीच होती. बायको सरकारी इस्पितळात एक्स-रे काढते, आणि गेली सात वर्षं ते इस्पितळ आमच्या घरापासून बसने पाच तासांवर आहे. ती शनिवारी संध्याकाळी येते आणि रविवारी दुपारच्या बसने जाते. उरलेला आठवडा घरात मी आणि आई, आणि आम्हा दोघांना एकमेकांचं सगळं बोलणं पाठ झालेलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मुळात टंकलेखक. मिनिटाला साठ शब्द, तेही डोळ्यांवर पट्टी बांधून. त्याची ढाल अजून कपाटावर आहे, आई तिच्यावर औषधांचा डबा ठेवते. आमच्या कार्यालयातलं शेवटचं टंकलेखन यंत्र तीन वर्षांपूर्वी भंगारात गेलं आणि मला आवक-जावक विभागात शिक्के मारायला बसवलं. पण हाताची शिस्त जात नाही. टंकलेखकाने नजर कागदावर ठेवायची. कळफलकाकडे बघायचं नाही, आणि काय उमटतंय तिकडे तर अजिबात बघायचं नाही. तो आपल्याच बोटांवर दाखवलेला अविश्वास आहे. त्यामुळे पासवर्ड मी आधी डायरीत शाईच्या पेनाने लिहिला आणि त्या कागदावर नजर ठेवून टाइप केला. संकेतस्थळाने दुसऱ्यांदा मागितला, दुसऱ्यांदा केला. उत्तर आलं, 'आपला पासवर्ड भक्कम आहे.' कुणी माझ्या टाइपिंगबद्दल चांगलं बोलल्याला तीन वर्षं झाली होती. मी त्याच दिवशी काढलेल्या नव्या ई-मेललाही तोच पासवर्ड देऊन टाकला.

याला दोन महिने झाले. मग एका शुक्रवारी सकाळी साडेनऊला बायकोचा फोन आला.

"अहो, यादी लागली! नाव आहे माझं. आपल्या इथलंच इस्पितळ मिळालंय!"

आपल्या इथलं इस्पितळ म्हणजे घरापासून चालत दहा मिनिटं. मी "बरं बरं" म्हणालो. आनंद झाला की मी "बरं बरं" म्हणतो, दुःख झालं तरी तेच म्हणतो, आणि हे तिला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"आणि ऐका, आज पाचच्या आत संमती द्यायची आहे. ऑनलाइनच. नाही दिली तर पुढच्या नावाला जागा जाते, आणि मग पुन्हा तीन वर्षं अर्ज करता येत नाही. मी इथल्या कॉम्प्युटरवरूनच देते. पासवर्ड सांगा."

मी अक्षरं सांगितली. "मग भागाकाराचं चिन्ह. मग दोन."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "संसार भागिले दोन?"

"हो."

"हा पासवर्ड आहे की टोमणा?"

"अगं, विशेष चिन्ह मागितलं होतं."

"ते नंतर बोलू. कीबोर्डवर भागाकार कुठे असतो?"

या प्रश्नाने मी थोडा चक्रावलो. मी ते चिन्ह उमटवलं होतं, एकदा नव्हे चारदा उमटवलं होतं, तेव्हा ते कुठेतरी असणारच. पण ते कुठे आहे असं विचारल्यावर मला सांगता येईना. जिना उतरताना आधी कुठला पाय टाकता असं कुणी विचारलं तर माणूस पडतो, तसं झालं. तिकडे पेशंट खोळंबले होते. तिने तिरकी रेघ टाकून बघितली, चुकीचा पासवर्ड. मग चिन्ह गाळून बघितलं, चुकीचा पासवर्ड. 'तीन प्रयत्न शिल्लक. त्यानंतर खाते चोवीस तासांसाठी बंद होईल.'

"मी आता हात लावत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच तो दिलाय, तुम्हीच उघडा. आणि अहो..."

"काय?"

"काही नाही. उघडा तेवढं."

कार्यालयात रजा कळवली, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. कळफलकाकडे मी आयुष्यात पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून नीट पाहिलं. अधिकाचं चिन्ह होतं, बरोबरचं होतं, गुणाकारासाठी लोक वापरतात ती चांदणी होती. भागाकार नव्हता. आईने चष्मा लावून माझ्यामागे उभं राहून शोधलं. "हे काय आहे?" ती एका कळीवर बोट ठेवून म्हणाली. तो आदल्या दिवशीच्या बिस्किटाचा कण होता.

'पासवर्ड विसरलात?' असं तिथे लिहिलेलं होतं, ते काही माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी विसरलो नव्हतो हा मुद्दा बाजूला ठेवून, मान खाली घालून मी ते दाबलं. नवा पासवर्ड ठरवण्याची सूचना आपल्या ई-मेलवर पाठवली आहे, असं त्याने कळवलं. ई-मेल उघडायला गेलो, तर त्याने पासवर्ड मागितला. संसार भागिले दोन. म्हणजे कुलपाची किल्ली पेटीत आणि पेटीला तेच कुलूप.

अशा वेळी आमच्या इमारतीत सेक्रेटरींना बोलावण्याचा प्रघात आहे. खरं तर बोलवावं लागत नाही. दार उघडं दिसलं की ते येतात. त्यांना जगातल्या प्रत्येक यंत्राचं वाईट वाटतं, कारण ते यंत्र आजवर त्यांच्या हातात पडलेलं नसतं.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "अल्ट दाबून धरायचं आणि नंबर टाकायचा. प्रत्येक चिन्हाला नंबर असतो. माझ्या मेव्हण्याने छापील कागद दिलाय. भिंतीला लावून ठेवलाय मी."

ते वर जाऊन कागद घेऊन आले. त्यावर दोनशेच्या वर चिन्हं होती; त्यांतली काही तर कुठल्या देशात चालतात कोण जाणे. भागाकाराचा नंबर होता शून्य दोन चार सात. सेक्रेटरींनी अल्ट दाबून धरलं, मी वरच्या ओळीतले आकडे दाबले. काही झालं नाही. "जोरात दाबा," सेक्रेटरी म्हणाले. जोरात दाबलं. एक मदतीची खिडकी उघडली आणि तिने मला काय मदत हवी ते विचारलं. "तिच्याकडे लक्ष देऊ नका," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक कळ दाबून धरली, मग कुठलासा बाण दाबला, आणि पडदा उलटा झाला.

उलटा म्हणजे शब्दशः उलटा. अक्षरं डोक्यावर उभी. आम्ही दोघांनी माना वाकड्या केल्या. सेक्रेटरी म्हणाले, हे त्यांच्या अपेक्षेप्रमाणेच आहे. मी लॅपटॉप उलटा धरला, तर कळफलक छताला गेला. मग असं ठरलं की मी लॅपटॉप उभा धरायचा आणि सेक्रेटरींनी खाली बसून वाचायचं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आमच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अरे, सूनबाईच्या बदलीचं काय झालं?"

"त्याचंच चाललंय."

"हे?"

काही प्रश्नांना उत्तर दिलं की ते वाढतात. चाळीस मिनिटांनी, आम्ही दोघंही हताश होऊन हात सोडून दिल्यावर, कुणाच्या तरी कोपराने पडदा सुलट झाला. तो माझाच कोपर होता असं सेक्रेटरी म्हणतात आणि त्यांचा होता असं मी म्हणतो. आणखी काही वर्षांनी आम्ही दोघंही ते श्रेय स्वतःकडे घेऊ.

मेव्हण्याच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप होती: आकडे उजवीकडच्या वेगळ्या आकडेपट्टीवरूनच टाकावेत. आमच्या लॅपटॉपला उजवीकडे काही नव्हतं, टेबल होतं. म्हणून भर बारा वाजता मी आकडेपट्टीवाला मोठा कळफलक आणायला कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानदार एका पंख्यात फुंकर मारत होता.

"भागाकार करता येईल असा कीबोर्ड दाखवा," मी म्हणालो.

"सगळ्यांवर होतो." त्याने आकडेपट्टीवरची तिरकी रेघ दाखवली. "हा काय भागाकार."

"ही तिरकी रेघ आहे. मला दोन टिंबांचा पाहिजे."

"तो जुना झाला साहेब. आता सगळे हाच घेतात."

मी त्याला सांगितलं की भागाकार हा काही मोबाइल नव्हे, दरवर्षी नवा निघायला. त्याने मान हलवली आणि पंख्याकडे वळला. कळफलक घेतला. पण त्याच्या बोलण्याने माझ्या मनात एक किडा सोडला होता. आकडेपट्टीवरची तिरकी रेघ ही वेगळी कळ आहे; कदाचित संगणक तिलाच खरा भागाकार समजत असेल, आणि बायकोने इस्पितळात वापरली ती नुसतीच तिरकी रेघ असेल. घरी आल्या आल्या, सेक्रेटरींच्या संमतीने, मी हा प्रयोग केला. चुकीचा पासवर्ड. दोन प्रयत्न शिल्लक.

"मी संमती दिली नव्हती," सेक्रेटरी म्हणाले. "मी नुसता हुं म्हणालो होतो."

दीड वाजला. बायकोचा फोन आला. "झालं?"

"होतंय."

"अहो, माझ्या खालच्या नंबरवाली इथेच काम करते. सकाळपासून तीनदा येऊन विचारून गेली, दिलीस का संमती म्हणून. तिचा लहान मुलगा आपल्याच गावात असतो हो. वाईट वाटतं तिचं. पण मला माझं घर पाहिजे."

हे शेवटचं वाक्य ती अगदी साध्या आवाजात बोलली. मी "बरं बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. आतापर्यंत मला वाटत होतं की आपण एक चिन्ह शोधतोय.

मग आम्ही शहाण्यासारखं वागलो. आधी कोऱ्या पानावर सराव करायचा ठरलं. पहिल्या वेळी आकडेपट्टी बंद होती, त्यामुळे अल्ट आणि चार दाबल्यावर पान मागे गेलं, आणखी मागे गेलं, आणि शेवटी आईने परवा बघितलेला गुडघेदुखीचा व्हिडिओ सुरू झाला. आई म्हणाली, राहू दे, अर्धाच झाला होता. मग आकडेपट्टी चालू करायची कळ सापडली. हिरवा दिवा लागला. सेक्रेटरींनी अल्ट धरलं. मी शून्य, दोन, चार, सात दाबलं. त्यांनी बोट उचललं.

आणि कोऱ्या पानावर भागाकाराचं चिन्ह उमटलं. टिंब, रेघ, टिंब. मी पुन्हा केलं, पुन्हा उमटलं. आम्ही ओळभर भागाकार काढले. आईने ते जवळून पाहिले आणि म्हणाली, "छान आहेत." सेक्रेटरींचे डोळे पाणावले होते, ते म्हणाले, मेव्हण्याला फोन केला पाहिजे. आता कशाला वाट बघायची? मी संकेतस्थळ उघडलं, अक्षरं टाकली, आम्ही दोघांनी मिळून भागाकार टाकला, मी दोन टाकला, आणि कळ दाबली.

चुकीचा पासवर्ड. एक प्रयत्न शिल्लक.

आता मात्र माझं डोकंच चालेना. इतका वेळ मला चिन्ह काढता येत नव्हतं, हे समजण्यासारखं होतं. आता चिन्ह बरोबर होतं, अक्षरं बरोबर होती, आकडा बरोबर होता, डायरी समोर होती, आणि तरी ते चूक होतं. मी आईला विचारलं, "संसारच लिहिलंय ना मी?" ती म्हणाली, "तेच लिहिलंयस." सेक्रेटरींनी डायरी उजेडात धरून पाहिली. त्यांनी शाईच्या पेनावर संशय व्यक्त केला.

मदत क्रमांकावर फोन लावला. पस्तीस मिनिटं एकच धून ऐकली. ती थांबली तेव्हा चुकल्यासारखं झालं. पलीकडच्या बाई फार नम्र होत्या.

"सर, पासवर्डमध्ये कोणतं विशेष चिन्ह वापरलंय?"

"भागाकाराचं."

"ते आमची सिस्टीम घेत नाही, सर."

"घेतलंय."

"सर, फक्त दहाच चिन्हं चालतात. त्यात भागाकार नाही."

"बाई, तुमच्याच सिस्टीमने मला भक्कम आहे म्हणून कळवलंय."

"मग सर, तुम्ही भागाकार टाकलेला नसणार."

मी तेवीस वर्षं टाइप केलं. माझ्या कागदावर खाडाखोड नाही म्हणून साहेब मंडळी मसुदा न वाचता सही करत. आणि ही बाई मला सांगत होती की मी जे टाइप केलं ते मी टाइप केलेलंच नाही. मी विचारलं, मग काय टाकलंय मी? ती म्हणाली, ते आम्हालाही दिसत नाही, सर. आणि दुसरा मार्ग म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतः मुख्यालयात येऊन लेखी अर्ज करायचा, सात कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी खुर्चीत बसून राहिलो. सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग, त्यांच्या स्वभावानुसार, ही बातमी सांगायला ते खाली गेले. पाच मिनिटांनी ते तळमजल्यावरच्या गणिताच्या बाईंना घेऊन आले. बाई शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्या आल्या की मी अजून उठून उभा राहतो. त्यांनी डायरी पाहिली, पडदा पाहिला, मग मला पाहिलं.

"उत्तर मला नको," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही हे चिन्ह कसं काढलंत? तेव्हा हा कीबोर्डही नव्हता आणि यांचा कागदही नव्हता. पायऱ्या दाखवा."

सकाळपासून हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, कारण माझ्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. टंकलेखन यंत्रावर भागाकाराची कळ कधीच नसते. आधी कोलनची दोन टिंबं मारायची, बॅकस्पेसने एक घर मागे यायचं, आणि त्या टिंबांवरच आडवी रेघ मारायची. तीन ठोक्यांत भागाकार. शिकाऊ माणसालाही येतं.

"करून दाखवा," बाई म्हणाल्या. "इथे, कोऱ्या पानावर. आणि या खेपेला पडद्याकडे बघत करा."

मी बघत केलं. दोन टिंबं उमटली. बॅकस्पेस दाबली. दोन टिंबं नाहीशी झाली. आडवी रेघ दाबली. आडवी रेघ उमटली आणि एकटीच तिथे बसली.

"गेली की रे ती टिंबं," आई म्हणाली.

बॅकस्पेसने अक्षर पुसतं हे मला माहीत नव्हतं असं कृपया समजू नका. माहीत होतं. पण ते डोक्याला माहीत होतं आणि बोटांना कुणी कळवलंच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी कागदावर नजर रोखून मी मोठ्या ऐटीत भागाकार काढत होतो, आणि तिकडे पडद्यावरच्या काळ्या ठिपक्यांच्या आड वजाबाकी नोंदवली जात होती. बाईंनी चष्मा काढून पुसला. "संसार वजा दोन," त्या म्हणाल्या. "अहो, मग राहिलं कोण?"

चार पस्तीसला, सेक्रेटरींना हात खिशात ठेवायला सांगून, शेवटच्या प्रयत्नात मी आडवी रेघ टाकली. पान उघडलं. बायकोचं नाव, तिचा सहा वर्षांपूर्वीचा रागीट फोटो, आमच्या इथल्या इस्पितळाचं नाव, आणि खाली 'मला ही बदली मान्य आहे' असं हिरवं बटण. मी ते दाबलं. वाटलं, सुटलो.

खात्यातून इतक्या सहज कुणी सुटत नसतं. नवं पान आलं: 'बदली मान्य असण्याचे कारण लिहा. कमाल शंभर अक्षरे. विशेष चिन्हे वापरू नयेत. हे पान दहा मिनिटांत बंद होईल.'

सात वर्षं बदली मागणाऱ्या बाईला बदली का मान्य आहे असं विचारणाऱ्या खात्याला काय उत्तर द्यावं? बायकोला फोन लावला. ती पेशंटला श्वास रोखून धरायला सांगत असणार, तिने उचलला नाही.

"प्रशासकीय कारणास्तव," सेक्रेटरी म्हणाले. "हे कुठेही चालतं."

"माझी तब्येत लिही," आई म्हणाली. "फोन आला तर मी खोकून दाखवीन."

"खरं ते लिहा," गणिताच्या बाई म्हणाल्या. "कमी शब्दांत खरंच बसतं."

घड्याळ उलटं मोजत होतं: सहा मिनिटं, पाच मिनिटं. तिघंही माझ्या मानेवर श्वास सोडत उभे होते. मी त्यांना म्हणालो, जरा बाहेरच्या खोलीत बसता का. असं मी सेक्रेटरींना पूर्वी कधी म्हणालो नव्हतो. ते इतके चकित झाले की गेले.

मग मी डोळे मिटले आणि टाइप केलं. आधी कागदावर लिहिलं नाही. काय लिहिलं ते दुसऱ्यांदा वाचलंही नाही, कारण वाचलं असतं तर पुसलं असतं. बॅकस्पेस काय करते ते आता बोटांनाही कळलं होतं. चार चव्वेचाळीसला पान म्हणालं, 'आपली संमती नोंदवली आहे. प्रत कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर पाठवली आहे.'

हे शेवटचं वाक्य मला अपेक्षित नव्हतं.

बाहेर आनंदीआनंद झाला. सेक्रेटरी मेव्हण्याशी फोनवर बोलत होते आणि आपल्या कागदाने काम झाल्याचं सांगत होते. आई चहा टाकायला गेली. गणिताच्या बाई मला म्हणाल्या, "पायऱ्या लिहून ठेवत चला." पाच वाजून दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला. मी तो घेऊन आतल्या खोलीत गेलो.

"झालं हो," मी म्हणालो.

"कळलं. प्रत आली," ती म्हणाली. "कारण तुम्ही लिहिलंत?"

"हो. ते मागत होते."

"'सात वर्षे झाली ती घरी नसते मला अजिबात करमत नाही'," तिने वाचून दाखवलं. "अहो, अर्ज माझा आहे. खाली नाव माझं आहे. खातं विचारेल ना मला, ही ती कोण म्हणून?"

खरंच की. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. कपाळाला हात लावला. मी म्हणालो, चूक झाली, सोमवारी खुलासा देतो, आवक-जावकमध्ये असल्याने खुलाशाचा नमुना माझ्याकडे आहे.

"खुलासा कशाला देताय?" ती म्हणाली, आणि हसली. मग हसणं थांबलं आणि मागचा इस्पितळाचा आवाज ऐकू आला; कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेत होतं. तिचा आवाज आला तेव्हा तो जरा ओला होता. "हे मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? दर शनिवारी येतेय मी."

"तू कधी विचारलं नाहीस."

"आणि खात्याने विचारलं?"

"हो. चौकट होती तशी. शंभर अक्षरांची."

बाहेर आई चहा घेऊन जा म्हणून हाका मारत होती. मला काहीतरी बोलायचं होतं आणि या वेळी मी "बरं बरं" म्हणालो नाही, एवढंच मला सांगता येईल.

"लवकर ये," मी म्हणालो.

"येते," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग तिचा रोजचा आवाज. "सात वर्षांचं सामान आहे इथे. मोठी गाडी सांगून ठेवा. आणि फोनवर सांगा बरं का, टाइप करू नका."